धुण्याच्या दगडापासून पुढच्या दारापर्यंत

स्मरणिका समितीने माझ्याकडे ‘सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा आर्थिक आढावा’ मागितला होता. एका राष्ट्रीयीकृत बँकेत ३८ वर्षं काढलेल्या आणि सोसायटीची खजिनदारी तीनदा केलेल्या माणसाकडून दुसरं काय मागणार? पण आर्थिक आढावा दरवर्षी अहवालात छापलेला आहे आणि तो कोणी वाचलेला मला आठवत नाही. म्हणून मी समितीची परवानगी काढून वेगळा विषय घेतला. आढाव्यासाठी सभांची जुनी इतिवृत्तं चाळताना लक्षात आलं की पार्किंग सोडलं तर आपली निम्मी भांडणं पाण्याची आणि गळतीची आहेत, आणि त्यातली बरीचशी शोधत गेलं की शेवटी धुण्यापाशी येऊन थांबतात. तेव्हा हा आपल्या धुण्याचा इतिहास.

सुरुवात सोसायटीच्या बरीच आधीची करतो, कारण आपल्यापैकी अनेक जण वाड्यांतून आणि चाळींतून इथे आले आहेत.

माझा जन्म १९५० चा, नारायण पेठेतल्या वाड्यातला. नऊ बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात पाण्याचा हौद आणि हौदाशेजारी धुण्याचे दोन दगड. दगडांवर पाळ्या ठरलेल्या होत्या आणि त्या मोडल्या की भांडणं व्हायची. धुणं म्हणजे सात कामं: भिजवणं, साबण लावून चोळणं, आपटणं, खळबळणं, पिळणं, झटकणं आणि वाळत घालणं. नऊवारी लुगडं ओलं झालं की पिळायला दोन बायका लागायच्या, दोघी दोन टोकांना. सोवळ्याचे कपडे वेगळे, ते उंच दांडीवर काठीने वाळत टाकायचे आणि आम्हा पोरांचा हात लागू द्यायचा नाही. रेशमी कापडाला रिठे, मळक्या पंच्यांना धुण्याचा सोडा, एरवी ५०१ चा बार. पांढऱ्याला नीळ, सुती साडीला खळ. चादरी आणि वडिलांचा कोट मात्र परटाकडे जायचा.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आमचा वाडा उभा राहिला, पण तळमजल्यावर चिखल भरला. पाणी ओसरल्यावर घरातल्या प्रत्येक कापडात तो काळा गाळ होता. नळाला पाणी नव्हतं. पेठांमधल्या जुन्या विहिरी आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळाचे हौद लोकांना तेव्हा पुन्हा आठवले. माझी आई पुढे किती तरी दिवस रोज दुपारी तेच तेच कपडे धूत होती. एकदा धुऊन वाळलं की झटकताना पुन्हा माती उडायची आणि ते कापड परत दगडावर जायचं. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या आणि रात्री ती त्यांत कोकम तेल भरायची. आम्ही चार भावंडं आणि वडील, पण एकानेही ‘दे, मी दोन कपडे आपटतो’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. हे मला पुढे पंचावन्न वर्षांनी खुपलं. ते कसं, ते ओघात येईलच.

आपल्याकडे दगडावर धुणं चालू असताना तिकडे मशिनची खटपट केव्हाच सुरू झाली होती. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्ग गावच्या शेफर नावाच्या पाद्र्याने १७६७ मध्ये धुण्याच्या यंत्राची माहिती चित्रांसकट छापली. म्हणजे पानिपतानंतर अवघ्या सहा वर्षांनी. १७८२ मध्ये इंग्लंडात हेन्री सिजियरने फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं आणि १८५१ मध्ये अमेरिकेत जेम्स किंगने घेतलं. ही सगळी हाताने फिरवायची यंत्रं होती. मेहनत कमी झाली असेल, संपली नव्हती. विजेवर चालणारी मशिनं विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत आली.

गंमत अशी की फिरत्या आडव्या पिंपाची कल्पना, म्हणजे आज आपण ज्याला फ्रंट लोड म्हणतो तिचं मूळ, जुनी आहे. पुढून दार असलेलं, स्वतःहून पाणी घेणारं आणि स्वतःच पिळणारं घरगुती मशिन बेंडिक्स कंपनीने १९३७ मध्ये अमेरिकेत बाजारात आणलं. त्यात एक अडचण होती. पिंप जोरात फिरायला लागलं की मशिन इतकं थरथरायचं की ते बोल्टने जमिनीला पक्कं जखडावं लागे. पुढे अमेरिकेत वरून कपडे टाकायचं मशिन रुळलं. तिथे मोठी घरं, तळघरं, नळाला गरम पाणी. युरोपात घरं लहान, मशिन स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बसवायचं, मग झाकण वर उघडणार कसं? शिवाय पाणी मशिननेच तापवायचं, तर ते जितकं कमी तितकं बरं. म्हणून तिथे पुढच्या दाराचं मशिन टिकलं. जपानने तिसरी वाट धरली. १९५३ मध्ये सान्योने फिरणारी चकती असलेलं, स्वस्त आणि आटोपशीर मशिन काढलं. टीव्ही, फ्रिज आणि धुण्याचं मशिन यांना तिथले लोक त्या काळात घरातले ‘तीन पवित्र खजिने’ म्हणायचे. आपल्याकडे आधी आलं ते या जपानी वळणाचं.

आपल्या घरांत मशिनच्या आधी पावडर आली. सर्फ १९५९ मध्ये आली. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी घरी बनवलेली निरमा सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती गावोगावच्या मोऱ्यांपर्यंत पोचली. मशिन घरोघरी दिसायला लागलं ते १९८० च्या दशकाच्या अखेरीला. तेव्हा औरंगाबादजवळच्या चितेगावच्या व्हिडिओकॉनचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पुढच्या दाराची मशिनं आणली ती आयएफबीने, बॉशच्या तंत्रज्ञानावर, १९९० च्या सुमारास. त्यांचा कारखाना गोव्यात वेर्ण्याला आहे. नंतर एलजीनेही आपल्या पुण्याजवळ रांजणगावला कारखाना काढला.

हा काळ मी बँकेच्या खिडकीतून पाहिला. १९९१ नंतर शाखेत ‘कन्झ्युमर ड्युरेबल लोन’ मागणाऱ्यांची रांग लागायची. अर्जाला दुकानदाराचं कोटेशन जोडलेलं असे. आधी टीव्ही, मग फ्रिज आणि तिसऱ्या क्रमांकावर वॉशिंग मशिन. अर्ज नवऱ्याच्या नावाने असला तरी मशिनच्या कर्जाला बायको हटकून बरोबर यायची आणि हप्ता किती बसतो ते तीच विचारायची. टीव्हीच्या कर्जाला असं कधी झालं नाही. १९९३ मध्ये सांगलीला असताना मीही सेमी ऑटोमॅटिक घेतलं. दोन टाक्या, एकीत धुवायचं आणि पिळण्यासाठी कपडे उचलून दुसरीत टाकायचे. आमच्या सौ.ला त्याच्याजवळ उभंच राहावं लागे, पण पिळणं वाचलं होतं.

आता सोसायटी. २००० साली आपल्याला ताबा मिळाला तेव्हा ४८ फ्लॅट, पार्किंगवर चार मजले, दोन विंग. बिल्डरने प्रत्येक फ्लॅटला ‘ड्राय बाल्कनी’ दिली होती, ज्यात एक नळ, एक नहाणी ट्रॅप आणि पाच अँपिअरचा एक प्लग. तिथे बाई बसून धुणं धुणार असं गृहीत धरूनच तो आराखडा केला होता आणि तेव्हा ते खरंही होतं. पहिल्या वर्षी आपल्या अठ्ठेचाळीस घरांपैकी बहुतेक घरांत धुणंभांड्याला बाई होती. सकाळी नऊ ते अकरा दोन्ही विंगमधून आपटल्याचा आवाज यायचा.

आमच्याकडे येणाऱ्या मावशी आमच्या विंगमधली चार घरं करायच्या. २००४ मध्ये आम्ही सेमी काढून वरून उघडणारं फुल्ली ऑटोमॅटिक घेतलं आणि मी मावशींना सांगितलं, उद्यापासून धुणं नको, फक्त भांडी. घरखर्चाची वही ठेवायची मला सवय आहे. त्या महिन्याच्या पानावर माझ्या अक्षरात आहे: ‘मावशी, धुणं बंद, १५० कमी.’ मावशी फार काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “काका, कॉलरी तरी मी घासून देत जाईन. मशिनला कॉलर कळत न्हाई.” मी हसलो होतो. त्याच पानावर खाली सौ.च्या अक्षरात नोंद आहे: ‘कॉलर, ५०.’ ही नोंद मी त्या वेळी पाहिली होती की नाही, ते आता सांगता येणार नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांच्या उरलेल्या तीन घरांतही मशिन आलं. म्हणजे दोन वर्षांत त्यांच्या महिन्याच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग गेला, आणि आमच्यापैकी कोणीच एकमेकांशी बोललं नाही, कारण प्रत्येकाने फक्त आपापल्या घरातले दीडशे रुपये वाचवले होते.

पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही झाला. पण मशिन आलं म्हणून गेलेल्या कामाची दाद मागायला खिडकी कुठे असणार? आमच्या बँकेत संगणक आले तेव्हा आमच्या युनियनने वर्षानुवर्षं वाटाघाटी केल्या होत्या. मीही घोषणा दिल्या होत्या. मावशींच्या बाबतीत वाटाघाट एका वाक्यात आटोपली. मावशी नंतर पोळ्यांच्या कामाला लागल्या आणि चार पैसे जास्त मिळवायला लागल्या हे खरं, पण ती त्यांची हुशारी, आमचा मोठेपणा नव्हे.

वरून उघडणारं मशिन आमच्याकडे बारा वर्षं इमानाने चाललं. त्याची रीत ताक घुसळण्यासारखी. पिंप पाण्याने भरायचं, कपडे त्यात तरंगायला हवेत आणि तळाची चकती रवीसारखी उलटसुलट फिरून त्यांना घुसळते. म्हणून त्याला पाणी भरपूर लागतं. पाणी कमी पडलं तर कपडे तळाशी बसतात आणि नुसते घासले जातात. नळाला चोवीस तास पाणी असताना याचा विचार कोणी केला नाही.

तो करायला लावला २०१५ च्या पावसाने. पाऊस कमी झाला, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं भरली नाहीत आणि पुण्यात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं. आपल्या टँकरच्या बिलाने सोसायटीचा दुरुस्ती निधी खायला सुरुवात केली. त्या वेळची विशेष सर्वसाधारण सभा जुन्या सभासदांना आठवत असेल. प्रस्ताव होता की उन्हाळा संपेपर्यंत वॉशिंग मशिन आठवड्यातून एकदाच लावावं आणि नियम मोडणाऱ्याला दंड करावा. प्रस्ताव मांडणारे सगळे पुरुष होते आणि खजिनदार या नात्याने दंडाची रक्कम मीच सुचवली होती.

तेव्हा बी विंगमधल्या एक वहिनी उठल्या. दोन लहान मुलं, घरात आजारी सासू आणि स्वतःची नोकरी. त्या म्हणाल्या, “मशिन बंद केलं म्हणून धुणं बंद होत नाही. ते फक्त कोणाच्या तरी हातावर जातं. कोणाच्या, ते इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.” सभेत शांतता झाली. मग कोणीतरी विचारलं की मशिनला पाणी लागतं तरी किती? प्रत्येकाने वेगळा आकडा सांगितला. दंड सुचवणाऱ्या मला आकडाच माहीत नव्हता. बँकेत असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी तो परत पाठवला असता. सभा आठ दिवसांसाठी तहकूब झाली आणि मोजणीचं काम माझ्यावर आलं.

मी वीस लिटरच्या बादल्या घेतल्या आणि प्रत्येक वेळी पाच किलो कपडे वजनकाट्यावर तोलले. आमच्या मशिनचा नळ बंद करून बादलीने पाणी ओतलं. एक धुणं आणि दोनदा खळबळणं मिळून सात बादल्या, म्हणजे १४० लिटर. दुसऱ्या मजल्यावर तेव्हा एकाच घरात पुढच्या दाराचं मशिन होतं. त्याचा सांडपाण्याचा पाइप बादलीत धरून आम्ही दोघांनी पाणी मोजलं. कपड्यांत उरलेला ओलावा धरूनही तीन बादल्या झाल्या. हाताने धुणं, बादलीत खळबळून, साधारण पाच बादल्या. तेच नळ सोडून ठेवून केलं तर हिशोबच राहत नाही. आणि एक गाडी पाइप लावून धुतली, तर तिला वरून उघडणाऱ्या मशिनपेक्षाही जास्त पाणी गेलं. हा शेवटचा आकडा सभेत वाचला तेव्हा प्रस्ताव मांडणाऱ्यांपैकी दोघे जण मोबाइल बघायला लागले. मशिनबंदीचा प्रस्ताव बारगळला. त्याऐवजी गाड्या पाइपने धुण्यावर बंदी आली, मशिन पूर्ण भरल्याशिवाय लावू नये असं ठरलं आणि खळबळलेलं पाणी पिंपात साठवून संडासाला व बागेला वापरायची पद्धत पडली. ती काही घरांत आजही चालू आहे.

एवढं कमी पाणी पुरतं कसं, हे मला मेकॅनिकने दार उघडून दाखवलं. पिंप आडवं असतं आणि आतल्या बाजूला तीन उंचवटे असतात. पिंप सावकाश फिरतं, उंचवटे ओले कपडे वर उचलतात आणि माथ्याजवळ पोचले की ते आपल्या वजनाने खाली आपटतात. कपडे तरंगायची गरज नाही, भिजलेले असले की झालं. मी ते पाहिलं आणि मला आमच्या वाड्यातला दगड आठवला. उचलून आपटणं, पुन्हा उचलून आपटणं. वरून उघडणारं मशिन घुसळतं आणि पुढून उघडणारं आपटतं. म्हणजे इतकं फिरून आपण परत दगडापाशीच आलो, फक्त आपटणारा हात माणसाचा राहिला नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये आमच्या सौ.चा उजवा खांदा आखडला. खोल पिंपात वाकून, ओल्या चादरी एकमेकींत गुंतलेल्या, त्या एका हाताने ओढून वर काढणं हे तिचं बारा वर्षांचं रोजचं काम होतं. मशिन धुतं असं मी म्हणत होतो, पण मशिनच्या आधीचं आणि नंतरचं तीच करत होती. डॉक्टरांनी तीन महिने हात वर न्यायचा नाही म्हणून सांगितलं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा धुणं लावलं. रंगीत कपडे वेगळे काढायचे असतात हे एक गुलाबी झालेला पंचा शिकवून गेला. खिसे तपासायचे असतात हे टँकरच्या पावतीच्या लगद्याने शिकवलं. तिसऱ्या दिवशी कॉलर हाताने घासताना मावशींचं वाक्य आठवलं, आणि दोऱ्या भरून कपडे वाळत घालून खाली बसलो तेव्हा आईच्या बोटांच्या भेगा आठवल्या. तोवर मी अडतीस वर्षं स्वच्छ शर्ट घालून बँकेत गेलो होतो आणि तो स्वच्छ कसा होतो हा प्रश्न मला पडला नव्हता.

ऑगस्टमध्ये आम्ही पुढच्या दाराचं मशिन घेतलं. पहिलाच दिवस सोसायटीत गाजला, त्याची खरी हकीकत अशी. नवीन मशिनच्या पाठीमागे प्रवासात पिंप हलू नये म्हणून मोठे बोल्ट असतात. ते मेकॅनिक येऊन काढतो आणि तोपर्यंत मशिन चालवायचं नसतं. मला धीर नव्हता. पिळायची वेळ आली तेव्हा मशिन गर्जना करत ड्राय बाल्कनीच्या दारापर्यंत चालत आलं. १९३७ च्या लोकांनी मशिन जमिनीला का जखडलं होतं ते मला त्या क्षणी समजलं. शिवाय मी हाताने धुण्याची नेहमीची पावडर घातली होती. तिचा फेस या मशिनला चालत नाही. तो नहाणी ट्रॅपमधून उलटा वर आला, बाल्कनीभर पसरला आणि दुसऱ्या दिवशी खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ओलीचा नकाशा उमटला. त्यांनी तक्रार अर्ज दिला, तो खजिनदार म्हणून माझ्याकडेच आला आणि माझ्याच विरुद्धचा अर्ज मी आवक नोंदवहीत चढवला. वॉटरप्रूफिंगचा खर्च मी भरला. त्या शेजाऱ्यांशी आमचा पुढे जो घरोबा झाला तो या ओलीपासूनच.

माझं पाहून, म्हणजे माझ्या चुका टाळून, पुढच्या काही वर्षांत बऱ्याच घरांनी बदल केला. त्यातून सोसायटीला शिकायला मिळालेल्या गोष्टी नव्या सभासदांसाठी नोंदवून ठेवतो. पाणी तापवताना हे मशिन सुमारे दोन हजार वॉट घेतं, तेव्हा जुन्या पाच अँपिअरच्या प्लगवर लावू नका, सोळा अँपिअरची स्वतंत्र वायर ओढून घ्या. चौथ्या मजल्याला पाण्याचा दाब कमी असतो, कारण टाकी जवळ आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो आणि चौथ्या मजल्याला तेवढी उंचीच मिळत नाही. मशिन पाण्याची वाट बघत बसतं आणि माणूस मेकॅनिकला फोन करतो. आधी नळाची जाळी साफ करा. बोअरचं पाणी जड आहे, हीटरवर पांढरा थर बसतो. कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ठरावीक काळाने थर काढण्याची पावडर घालून रिकामं मशिन चालवा. दाराच्या रबराच्या घडीत पाणी राहतं, ते पुसून दार किलकिलं ठेवा, नाहीतर कुबट वास येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी मशिन भक्कम स्टँडवर घ्यावं. आणि एकदा सुरू झालं की दार उघडत नाही, तेव्हा राहिलेल्या मोज्यासाठी त्याच्याशी झटापट करू नये.

सगळ्यांनी बदललंच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. वरून उघडणाऱ्याला वाकावं लागत नाही, वेळ कमी लागतो, किंमत कमी आणि बादलीने पाणी ओतलं तरी ते चालतं. या शेवटच्या गुणाचं महत्त्व मला उशिरा कळलं. नवीन मशिन घेताना दुकानदार जुन्याचे दीड हजार देत होता. सौ. म्हणाली, मावशींना विचार. मावशींच्या वस्तीत पाणी सकाळी तासभर यायचं, तेही सामाईक नळाला. पुढच्या दाराचं मशिन तिथे निरुपयोगी ठरलं असतं, कारण त्याला पाइपमधून दाबाने येणारं पाणीच लागतं. आमचं जुनं मशिन मात्र त्यांच्या दारातल्या बोळात उभं राहिलं, पिंपातलं पाणी बादलीने ओतून घेत. बारा वर्षांपूर्वी ज्या मशिनमुळे त्यांचे दीडशे रुपये गेले तेच मशिन होतं ते. मी तसं बोलून दाखवलं, तर मावशी म्हणाल्या, “त्याचा काय दोष काका, त्याला कुठं पगार द्यायचा होता?” त्यावर मला उत्तर सुचलं नाही. मशिन तिथे आणखी सहा वर्षं चाललं. त्यांच्या सुनेने नर्सिंगचा कोर्स केला तो त्याच वर्षांत. मशिनमुळे केला असं मी म्हणणार नाही, पण तिच्या दुपारी मोकळ्या होत्या एवढं खरं.

हान्स रोसलिंग नावाचे स्वीडनचे एक डॉक्टर होते. त्यांनी २०१० मध्ये वॉशिंग मशिनवर एक भाषण केलं होतं, माझ्या नातवाने मला ते दाखवलं. घरात पहिलं मशिन आलं तेव्हा त्यांची आजी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसली आणि धुणं संपेपर्यंत बघत राहिली, असं ते सांगतात. मशिनने वाचवलेल्या वेळात आई आपल्याला वाचनालयात नेऊ लागली, असंही सांगतात. याच्या उलट, रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं आहे की घरात यंत्रं आली तरी गृहिणीचं काम हवं तसं कमी झालं नाही, कारण स्वच्छतेच्या अपेक्षाच वाढल्या. मला दोन्ही पटतं. आमच्या वाड्यात शर्ट दोन दिवस चालायचा. आज नातू दिवसाला तीन टी-शर्ट टाकतो आणि घडी घालणारी माणसं तेवढीच आहेत.

या लेखासाठी मी दोन्ही विंगमध्ये फिरलो. आज ४८ पैकी २९ घरांत पुढच्या दाराचं, १६ घरांत वरून उघडणारं आणि दोन घरांत सेमी ऑटोमॅटिक आहे. एका घरात मशिन नाही. तिथल्या आजी ८४ वर्षांच्या आहेत आणि आपले दोन लुगडी-पोलकी त्या स्वतः धुतात. त्यांना मी मशिनचे फायदे सांगायला गेलो नाही. “मशिन कोण लावतं?” हाही प्रश्न मी प्रत्येक घरी विचारला. अकरा घरांत उत्तर पुरुषाचं आलं. २००० साली हा आकडा शून्य होता असं मी खात्रीने सांगू शकतो, कारण त्या शून्यात मीही होतो.

रौप्यमहोत्सवी सत्काराची यादी समितीने केली आहे. त्यात आजी-माजी अध्यक्ष, सचिव आणि आर्किटेक्ट आहेत. पहिल्या वर्षापासून आपल्या चार घरांत येणाऱ्या मावशींचं नाव मी लेखी सुचवलं असून ते एकमताने मंजूर झालं आहे. इतिवृत्तात नोंद आहे.

जाता जाता जुन्या सवयीने एक सूचना. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणावळीला पाणी जास्त लागणार आहे. त्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत कृपया कोणीही मशिन लावू नये. दंड ठेवलेला नाही.